वाफेची गाडी घाटात चालवायची, तर काय काय लागते?

पावसाळ्यात दूधसागर भरात आला आणि त्याच्या पुढ्यातून जाणाऱ्या गाडीची छायाचित्रे फिरू लागली, की गोव्यात एक सूचना हमखास पुढे येते : या घाटात वाफेच्या इंजिनाची वारसा गाडी का सुरू करू नये? सूचना वावगी नाही. मार्गाला इतिहास आहे, निसर्ग आहे आणि पर्यटकांची तर वानवाच नाही. मात्र त्यामागे बहुधा असा समज असतो, की एखाद्या स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभे केलेले जुने इंजिन रुळांवर उतरवले, त्याला तेलपाणी केले आणि कोळसा पेटवला की गाडी निघाली. प्रत्यक्षात वाफेचे इंजिन धावते ठेवण्याचा बहुतेक सगळा खटाटोप बॉयलर सांभाळण्याचा आणि ते काम जाणणारी माणसे टिकवण्याचा असतो. तो खटाटोप काय आहे, त्यात डिझेल इंजिनाची गरज का पडते आणि अशी गाडी पाहायला जाणाऱ्याने नेमके काय पाहावे, हे येथे सांगायचे आहे.

आधी गोव्याच्या मार्गाविषयी थोडे. 1878 मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि मुरगाव बंदर व त्याला घाटावरच्या मुलखाशी जोडणारा लोहमार्ग ही कामे जोडीने हाती घेण्यात आली. 1880 च्या दशकाच्या अखेरीस मुरगाव ते कॅसलरॉक अशी मीटरगेज गाडी धावू लागली. सह्याद्री चढणाऱ्या भागाला पोर्तुगालच्या राजघराण्यावरून ब्रागांझा घाट हे नाव मिळाले. 1955 मध्ये गोवा मुक्तीच्या लढ्याच्या काळात भारत सरकारने सीमेवरची वाहतूक तोडली, तेव्हा ही गाडीही बंद झाली. मुक्तीनंतर हा मार्ग भारतीय रेल्वेत आला आणि 1990 च्या दशकात मीटरगेज रूळ काढून त्या जागी ब्रॉडगेज टाकण्यात आले. मीटरगेजमध्ये दोन रुळांमधले अंतर 1000 मिलिमीटर असते, ब्रॉडगेजमध्ये 1676. त्यामुळे ‘आपले जुने इंजिन परत आणा’ ही मागणी पहिल्याच पायरीवर अडते, कारण त्या इंजिनाच्या मापाचे रूळ आता गोव्यात कोठेही नाहीत. आणायचेच झाले तर ब्रॉडगेजचे वाफेचे इंजिन आणावे लागेल, आणि देशात चालू स्थितीतली अशी इंजिने फार थोडी उरली आहेत. हरियाणातल्या रेवाडी येथील वाफेच्या इंजिनांची शेड हे त्यांचे प्रमुख ठिकाण.

आता बॉयलरकडे वळू. उघड्या भांड्यात पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. बंद भांड्यात दाब वाढला की उकळण्याचे तापमानही वाढते. भारतीय मीटरगेजवर शेवटपर्यंत चाललेल्या वायपी आणि वायजी या जातींच्या इंजिनांत बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला 210 पौंड असे, आणि त्या दाबाला पाणी सुमारे 200 अंशांवर उकळते. याचा अर्थ असा, की काही हजार लिटर पाणी 200 अंश तापलेले असूनही केवळ पोलादी पत्र्याने दाबून धरले आहे म्हणून पाणी राहिलेले असते. तो पत्रा कोठे फाटला तर दाब एकदम उतरतो, त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो, आणि साध्या हवेच्या दाबाला वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. बॉयलरचा स्फोट म्हणतात तो हा. इंजिनाचे बाकीचे भाग बिघडले तर गाडी अडते. बॉयलर बिघडला तर माणसे मरतात, म्हणून सगळे नियम त्याच्याभोवती रचलेले असतात.

बॉयलरच्या मागच्या टोकाला आगीची पेटी असते. तिच्या छतावर सतत पाणी असले पाहिजे, कारण खालून आगीचा मारा सोसणारा तो पत्रा वरच्या पाण्यामुळेच थंड राहतो. पाणी छताच्या खाली गेले तर काही मिनिटांत पत्रा लाल होऊन मऊ पडतो आणि वरच्या दाबाने आत फाटतो. त्यावर शेवटचा उपाय म्हणून छतात शिशाचा प्लग बसवलेला असतो. स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी आटल्यावर जसा वितळून जातो, तसाच हा प्लगही वितळतो आणि वाफ आगीवर सुटून माणसांना इशारा मिळतो. प्लग वितळला तर त्या दिवसाची गाडी संपली आणि फायरमनच्या, म्हणजे आग आणि पाणी सांभाळणाऱ्या माणसाच्या, नावावर कायमचा डाग लागला, असे समजावे.

पाणी किती आहे हे केबिनमधल्या काचेच्या उभ्या नळीत दिसते. सपाट रुळावर ही नळी खरे सांगते. घाटात तिचे सांगणे पारखून घ्यावे लागते. इंजिन धुराडे पुढे ठेवून चढत असेल तर बॉयलरमधले पाणी मागे सरकते आणि नळीत पातळी वर दिसते. चढ संपून उतार लागला, की तेच पाणी पुढे धावते आणि आगीच्या पेटीचे छत उघडे पडण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून माथा येण्याआधीच पाणी भरून घ्यावे लागते. पण थंड पाणी आत घेतले की वाफेचा दाब उतरतो, आणि चढाच्या शेवटच्या टप्प्यात दाबाचीच सर्वांत अधिक गरज असते. या दोहोंचा मेळ घालणे हे फायरमनचे खरे कसब. कोळसा टाकणे हा त्या मानाने शारीरिक कष्टाचा भाग, पण त्यातही हात बसावा लागतो. आगीचा थर सारखा आणि बेताचा हवा. धुराड्यातून फिकट करडा धूर येत असेल तर आग व्यवस्थित आहे. काळाकुट्ट येत असेल तर कोळसा जास्त आणि हवा कमी. काहीच दिसत नसेल तर थर विरळ होऊन थंड हवा आत शिरत आहे. पर्यटकांना छायाचित्रासाठी काळा धूर हवा असतो आणि अनुभवी फायरमनला तो नको असतो.

सकाळी आठला सुटणाऱ्या गाडीची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. थंड बॉयलर घाईने तापवता येत नाही, कारण आगीजवळचा धातू आधी आणि बाहेरचा नंतर प्रसरण पावतो, त्या ओढाताणीत रिव्हेट आणि आतले ताण देणारे खिळे सैल होतात, आणि हे नुकसान त्या दिवशी न दिसता वर्षभराने गळतीच्या रूपाने समोर येते. म्हणून हळूहळू आठ-दहा तास तापवावे लागते. पाण्याची पातळी पाहिल्याशिवाय काडी ओढायची नाही, हा शेडमधला पहिला नियम. पुढे राख काढणे, आगीखालच्या जाळीला चिकटलेली खंगर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, फोडणे, सांध्यासांध्यात तेल घालणे. गाडी सुटताना चाकांजवळून पांढऱ्या वाफेचा मोठा फवारा येतो, तो शोभेसाठी नसतो. उभ्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी झालेले असते; पाणी दाबले जात नाही, आणि दट्ट्या त्याच्यावर आदळला तर सिलिंडरचे झाकण फुटू शकते. म्हणून खालचे नळ उघडे ठेवून पहिली काही चक्रे घेतात आणि ते पाणी बाहेर घालवतात.

संध्याकाळी हेच उलट करावे लागते, आणि आपल्या हवेत ते अधिकच महत्त्वाचे आहे. कोळशात गंधक असते. धुराड्याखालच्या धुराच्या पेटीत राख तशीच राहिली आणि तिला ओल लागली तर गंधकाचे आम्ल होते आणि ते पत्रा खाते. वास्कोसारख्या ठिकाणी, जेथे समुद्राची खारी हवा लोखंडाला आधीच सोडत नाही आणि चार महिने पाऊस असतो, तेथे इंजिन न वापरता उभे ठेवणे हे वापरण्याहून घातक ठरते. चौथऱ्यावरच्या इंजिनांना दरवर्षी रंग मिळतो. आतले पत्रे कोणी पाहत नाही. त्यांतले एखादे पुन्हा चालवावे असे ठरले तर बहुधा चाके, सांगाडा आणि नावाची पाटी वापरून बॉयलर नवाच बांधावा लागेल.

ब्रिटनमधल्या वारसा रेल्वेंवर साधारण दहा वर्षांनी बॉयलर इंजिनावरून उतरवून त्याच्या सगळ्या नळ्या काढतात, पत्र्यांची जाडी मोजतात, झिजलेले भाग बदलतात आणि तपासनिसाचा दाखला घेतात. हे काम वर्षा-दोन वर्षांचे असते आणि मोठ्या इंजिनाचा खर्च काही लाख पौंडांवर जातो. तिकिटांच्या विक्रीतून तो निघत नाही. तेथे या रेल्वे बहुधा विश्वस्त संस्था चालवतात. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे 1951 मध्ये स्वयंसेवकांनी हाती घेतली, आणि 1960 मध्ये इंग्लंडमधली ब्लूबेल रेल्वे त्याच वाटेने सुरू झाली. पैसा देणग्या, जेवणाच्या गाड्या, दुकाने, चित्रीकरणाचे भाडे आणि हौशी माणसांना इंजिन चालवायला देण्याचे शुल्क अशा नाना वाटांनी येतो, आणि निवृत्त अभियंते, शिक्षक, विद्यार्थी शनिवार-रविवारी राख काढायला आणि तिकिटे फाडायला येतात म्हणून पगाराचा बोजा आटोक्यात राहतो. तरीही संकटे येतातच. वेल्समधली फॉस-इ-फ्रान ही खाण 2023 च्या अखेरीस बंद झाली आणि ज्या देशाने वाफेची रेल्वे जगाला दिली, तेथील वारसा गाड्यांवर परदेशी कोळसा आणण्याची वेळ आली.

भारतात ही जबाबदारी रेल्वे स्वतः उचलते. दार्जिलिंगची गाडी 1999 मध्ये, निलगिरीची 2005 मध्ये आणि कालका-शिमला 2008 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. आपल्याला जवळची नेरळ-माथेरान 1907 पासूनची. सरकारी आधारामुळे तोटा सोसला जातो, हा मोठा फायदा. पण माणसे तयार करण्याच्या बाबतीत ही व्यवस्था लंगडी आहे, असे माझे मत आहे. बदली आणि निवृत्ती यांच्या चक्रात बॉयलरचे काम जाणणारा कारागीर निघून जातो आणि त्याच्या हाताखाली शिकलेला माणूस बहुधा नसतो. ब्रॉडगेजवरून वाफेची नियमित गाडी 1995 मध्ये गेली. तेव्हा पंचविशीत असलेला फायरमन आज पन्नाशी ओलांडून गेला आहे.

डिझेल इंजिन या सगळ्यातून सुटका करते, आणि म्हणूनच प्रत्येक वारसा रेल्वेला ते जवळ ठेवावे लागते. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते आठ टक्के चाकांपर्यंत पोहोचवते; डिझेल साधारण तीस टक्क्यांच्या घरात जाते. त्याला रात्रभर तापवावे लागत नाही. गर्दी नसलेल्या दिवशी, उन्हाळ्यात ठिणगीने वणवा लागण्याची भीती असताना, किंवा वाफेचे इंजिन मध्येच बंद पडले असताना तेच गाडी ओढते. बऱ्याच लोकांना वाटते, की डिझेल इंजिन ट्रकप्रमाणे गिअरने चाके फिरवते. आपल्याकडच्या मोठ्या इंजिनांत तसे नसते. डिझेलवर जनित्र फिरते, त्याची वीज आसांवरच्या मोटारींना जाते आणि मोटारी चाके फिरवतात. उतारावर याच मोटारींचे काम उलटे करता येते : गाडीचा वेग त्यांना फिरवतो, त्यातून वीज तयार होते, ती वीज तिला अडवणाऱ्या धातूच्या जाळ्यांमध्ये उष्णता म्हणून उडवून टाकली जाते आणि ब्रेकचे ठोकळे न झिजता गाडी आवरली जाते. घाटात याचे मोल फार आहे.

आणि डिझेलही आता जुने झाले आहे. 1962 पासून भारतात आलेली अल्को कंपनीच्या रचनेची डब्ल्यूडीएम-2 ही इंजिने, जी पुढे वाराणसीच्या कारखान्यात बांधली गेली, ती दोन पिढ्यांनी ऐकलेल्या रेल्वेचा आवाज आहेत. सुटताना त्यांच्या छपरावरून काळा लोट येतो, याचे कारण चालकाने खटका पुढे नेला की इंधन लगेच वाढते, पण हवा कोंबणारा टर्बो वेग घ्यायला काही क्षण लावतो. तोवर इंधन अर्धवट जळते. ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळपास पूर्ण झाल्याने ही इंजिने भंगारात निघत आहेत. वाफेच्या इंजिनाविषयी जी हळहळ तीस वर्षांनी वाटू लागली, ती यांच्याबद्दल आत्ताच वाटली तर चार इंजिने सुटे भाग मिळत असतानाच राखता येतील.

आता ब्रागांझा घाटाचे गणित मांडून पाहू. कुळे ते कॅसलरॉक या सुमारे 26 किलोमीटरच्या टप्प्यात 37 मीटर गेले की 1 मीटर चढ, असा कडक चढ आहे. अशा चढावर नुसते गुरुत्वाकर्षणाशी झगडायलाच गाडीच्या वजनाच्या सदतिसाव्या भागाइतका ओढ लागतो. म्हणजे हजार टनांच्या गाडीला 27 टन. चाक आणि रूळ दोन्ही लोखंडाचे, त्यामुळे कोरड्या रुळावरही इंजिन आपल्या चालत्या, म्हणजे त्याच्या जोराने फिरणाऱ्या, चाकांवरच्या वजनाच्या साधारण पाव भागाइतकाच ओढ देऊ शकते, त्याहून जास्त जोर लावला तर चाके जागच्या जागी फिरतात. मीटरगेजच्या वाफेच्या मालइंजिनाच्या चालत्या चाकांवर सुमारे 40 टन वजन असे, म्हणजे ओढ 10 टन. तेवढ्यात इंजिनासकट जेमतेम साडेतीनशे टन चढणार, आणि वळणांचा अडसर धरला तर त्याहून कमी. पाऊस पडला, रुळावर पाने चिकटली, की हा हिशेबही कोसळतो आणि रुळावर वाळू सोडावी लागते. आजही या घाटात गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावतात ते याच कारणाने.

यात आणखी तीन गोष्टी मिळवायला हव्यात. हा घाट मोलेच्या राष्ट्रीय उद्यानातून आणि भगवान महावीर अभयारण्यातून जातो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेल्या रानातून ठिणग्या उडवणारे इंजिन नेणे कोणताही वन अधिकारी मान्य करणार नाही. तेलावर चालणारे इंजिन किंवा ठिणग्या अडवणारी जाळी अनिवार्य ठरेल. पावसाळ्यात दरडी कोसळतात. जुलै 2021 मध्ये दूधसागर आणि सोनावळी यांच्या दरम्यान दरडीमुळे प्रवासी गाडी रुळावरून घसरली होती. आणि मुरगाव बंदरातून कर्नाटकाकडे कोळशाच्या मालगाड्या याच एकेरी मार्गाने चढतात; त्यांच्यामध्ये ताशी वीस-पंचवीस किलोमीटरची हौसेची गाडी घुसवायची म्हणजे संपूर्ण वेळापत्रक ताणायचे. म्हणून वाफेच्या गाडीचा हट्ट घाटासाठी न धरता कुळे ते सावर्डे अशा सखल टप्प्यासाठी, तोही हिवाळ्यातल्या निवडक रविवारांपुरता धरावा, आणि घाटासाठी जुन्या अल्को डिझेलची व मोठ्या खिडक्यांच्या डब्यांची गाडी मागावी, हे मला अधिक व्यवहार्य वाटते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करण्यासारखे काम मात्र निराळेच आहे : मीटरगेजच्या काळात या घाटात काम केलेल्या चालकांची, फायरमनची आणि गँगमनची माहिती ती माणसे आहेत तोवर नोंदवून ठेवणे.

तोपर्यंत गोव्यातल्या वाचकाला काय पाहता येईल? दूधसागरची गाडीतून होणारी भेट आहेच, पण तेथे उतरून रुळांवरून चालत जाण्यास रेल्वेची मनाई आहे आणि रेल्वे पोलीस पावसाळ्यात ती कडकपणे अमलात आणतात. मनाई योग्यच आहे : बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते आणि धबधब्याच्या आवाजात मागून येणारे इंजिन ऐकू येत नाही. वाफ आणि डिझेल एकाच मार्गावर पाहायचे असेल तर मात्र निलगिरीला जावे. मडगावहून कोकण रेल्वेने कोइमतूरला जाणाऱ्या गाड्या आहेत, आणि तेथून मेट्टुपाळयम साधारण 35 किलोमीटरवर आहे. गोव्याच्या माणसाला या मार्गाचे विशेष अगत्य वाटावे, कारण तोही मीटरगेज आहे. मेट्टुपाळयम ते उटी हे अंतर 46 किलोमीटर. त्यातल्या कल्लार ते कुन्नूर भागात चढ 12 मीटरला 1 मीटर, म्हणजे ब्रागांझाच्या तिप्पट, आणि तेथे साध्या चाकांची पकड पुरत नाही म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवलेली आहे. इंजिनाच्या पोटाखालची दातेरी चाके तिच्यात अडकत वर चढतात. इंजिनाला चार सिलिंडर आहेत : दोन साध्या चाकांसाठी आणि दोन दातेरी चाकांसाठी, चढावर वाफ पहिल्या जोडीतून निघून दुसऱ्या जोडीत पुन्हा वापरली जाते. स्वित्झर्लंडमध्ये बांधलेल्या जुन्या इंजिनांची झीज झाली तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने नवी बांधली. ही कारागिरी देशात अजून आहे, हे त्यातून कळते.

या गाडीत इंजिन मागून ढकलते, त्यामुळे पुढच्या डब्यातून दरीचे दृश्य मोकळे मिळते आणि मागच्या डब्यात इंजिनाचा आवाज. प्रत्येक डब्यावर ब्रेक सांभाळणारा कर्मचारी उभा असतो आणि झेंड्यांच्या खुणांनी मागच्या चालकाला कळवतो. गाडी थांबली की त्याच्याकडून चार गोष्टी ऐकाव्यात, चालत्या गाडीत त्याला बोलण्यात गुंतवू नये. शुभ्र कपडे घालू नयेत. गाडी सुटण्यापूर्वी तासभर आधी पोहोचून पाणी भरणे आणि तेल घालणे पाहावे. प्रवासातल्या दृश्यांइतकेच ते मोलाचे आहे. जागा थोड्या असल्याने आरक्षण बरेच आधी करावे लागते. गोव्यात पाऊस ओसरतो तेव्हा तेथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात दरडींमुळे गाडी रद्द होण्याची शक्यता असते, म्हणून दिवाळीच्या सुटीऐवजी फेब्रुवारी-मार्च बरा. वाफेचे इंजिन कुन्नूरपर्यंतच जोडलेले असते. तेथून उटीपर्यंत वायडीएम-4 हे डिझेल इंजिन गाडी नेते. याच जातीची इंजिने मीटरगेजच्या अखेरच्या वर्षांत दूधसागरच्या पुलावरूनही धावत असत, म्हणून वेळ कमी असला तरी कुन्नूरला न उतरता तो टप्पाही करावा.